माझा भाऊ गोठ्यात झोपत होता आणि सगळ्या गल्लीला माहीत होतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव आणि माहेरच्या गावाचं नाव छापू नका, ही विनंती आधीच करते. माहेरी अजून माणसं राहतात आणि मला भांडण पुन्हा उकरून काढायचं नाही. मी गेली तेवीस वर्षं कोल्हापुरात पेठेत राहते, माहेर करवीर तालुक्यात, एसटीनं पाऊण तास. पत्र मोबाईलवर टाइप करतेय, लेकीनं शिकवलंय, शुद्धलेखन तुम्ही सुधारून घ्या, पण कायद्याची कलमं आणि नंबर लिहिलेत ते कापू नका, त्यासाठीच हे सगळं लिहितेय.

माझा धाकटा भाऊ आता ४४ वर्षांचा आहे. जन्मापासनं बुद्धीनं कमी, बौद्धिक दिव्यांग म्हणतात आता, बोलणं घरच्यांनाच कळतं, पण माणूस कामाचा. आई होती तोवर पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, किटली घेऊन आईच्या मागं डेअरीत जायचं, हे सगळं तो करायचा. फॅट किती लागलं ते त्याला कळायचं नाही पण पावती मात्र तोच खिशात ठेवायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. आई त्याला आधी वाढायची मग बाकीच्यांना. आई २०२१ मध्ये गेली. त्यानंतर तो थोरल्याकडं राहिला, वडलोपार्जित घर, सव्वा दोन एकर ऊस, दोन म्हशी, सगळं थोरल्याच्या हातात, आणि आम्हा सगळ्यांना वाटलं की चला, घरातच आहे, आपल्याच माणसांत आहे.

मी दोन-तीन महिन्यांतनं एकदा जायचे. दर वेळी तो आधीपेक्षा वाळलेला दिसायचा, नखं वाढलेली, शर्टाला बटणं नाहीत, अंगाला वास. वहिनीला विचारलं तर म्हणायची, त्याला खायचं भानच नाही ओ, किती सांगायचं. मी ऐकून घ्यायचे. खरं तर मला तेव्हाच खोलात विचारायला हवं होतं, पण आपल्याला माहेर टिकवायचं असतं, वहिनीला दुखवायचं नसतं, जाताना चोळीचा खण मिळतो तो मिळत राहावा असं कुठंतरी वाटत असतं, बाईमाणसाला हे वेगळं सांगायला नको. २०२३ च्या भाऊबीजेला गेले, ओवाळलं, ताटात करंज्या ठेवल्या तर त्यानं दोन खाल्ल्या आणि तीन उचलून शर्टाच्या खिशात घातल्या, वरनं हात दाबून धरला. आईच्या वेळी डेअरीची पावती धरायचा तसा. मी म्हटलं आरं खा की, अजून आहेत, तर वहिनीकडं बघून गप्प बसला. त्या नजरेनं माझ्या पोटात गोळा आला.

संध्याकाळी नळावर पाण्याला गेले तेव्हा शेजारच्या काकींनी हळूच सांगितलं, "पोरी, तुझा भाऊ उन्हाळ्यापासनं गोठ्यात झोपतोय बघ. सकाळी एक भाकरी मिळती, रात्रीचं काय खरं नसतंय. परवा दावणीच्या दोरीनं मारलं. आम्ही काय बोलणार बाई, तुमच्या घरचं हाय." मी विचारलं अजून कुणाला माहीत आहे, तर म्हणाल्या, गल्लीला सगळ्यांनाच माहीत आहे. डेअरीत माहीत होतं, पिठाच्या गिरणीत माहीत होतं, शेजारच्या तालमीतली पोरं त्याला कधीमधी वडापाव द्यायची, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मला तेवढं माहीत नव्हतं.

त्या काकींवर माझा राग नाही, त्यांनीच तोंड उघडलं म्हणून पुढचं झालं. पण संपादक साहेब, सहा-सात महिने एक माणूस उपाशी आहे, मार खातोय आणि शंभर माणसांना ते दिसतंय, आणि त्या शंभरातल्या एकालाही ठाऊक नाही की आपण एक कागद लिहून तहसीलदारांना कळवू शकतो आणि तो अधिकार आपल्याला कायद्यानं दिलाय, हे मला झोपू देत नाही. म्हणून हे पत्र.

मी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. कुठल्या ते लिहीत नाही. तिथं मला सांगितलं की हा घरगुती मामला आहे, भावाभावाचं आहे, जमिनीचं काहीतरी असणार, कोर्टात जावा. अर्धा तास बाकड्यावर बसून परत आले. नंतर कळलं की दिव्यांग माणसावर अत्याचाराची तक्रार आली तर पोलिसांनी काय करायचं ते कायद्यातच लिहून ठेवलंय. तक्रार घेऊन येणाऱ्याला दंडाधिकाऱ्याकडं संरक्षण मागायचा हक्क आहे हे सांगायचं, तो दंडाधिकारी कोण आणि कुठं बसतो ते सांगायचं, जवळची दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था सांगायची, फुकट वकील मिळतो हे सांगायचं, आणि गुन्हा दाखल करायचा हक्क आहे हेही सांगायचं. यातलं मला एक वाक्य कुणी सांगितलं नाही. त्या हवालदारांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्यांनाही बहुतेक माहीत नसावं.

माझ्या जावेची बहीण कोर्टात टायपिस्ट आहे, तिनं कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथं जा म्हणून सांगितलं. तिथं एक वकील बाई भेटल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही, आणि मग पुस्तक काढून वाचून दाखवलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ७. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं जायचं, यात २१ प्रकार धरलेत. कलम ७ म्हणतं की दिव्यांग माणसाचा छळ, मारहाण, शोषण झालंय, होतंय किंवा होणार आहे असं मानायला कारण असेल तर कुणीही माणूस किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते. आमच्यासारख्यांसाठी कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तालुक्याचे तहसीलदार. "होणार आहे" हा शब्द नीट वाचा, म्हणजे मार बसेपर्यंत थांबायचं नाही. आणि "कुणीही" हा शब्द तर दोनदा वाचा. नळावरच्या काकी, डेअरीचा सेक्रेटरी, अंगणवाडी सेविका, आशा ताई, तालमीतला पोरगा, सगळे त्यात येतात. दिव्यांगाला स्वतःला लिहिता बोलता यायला पाहिजे असं नाही, रक्ताचं नातं पाहिजे असं नाही. ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं ते सवलती-योजनांना, या कलमात तशी अट नाही.

कळवल्यावर दंडाधिकाऱ्यांनी लगेच पावलं उचलायची आहेत. छळ थांबवायचा, माणसाला तिथनं सोडवायचं, पोलिसांना किंवा संस्थेला सांगून सुरक्षित जागी ठेवायचं, त्या माणसाची इच्छा असेल तर संरक्षणात ठेवायचं, आणि त्याच्या निर्वाहाचा आदेशही देता येतो. शिवाय कलम ९२. त्यात ज्या गोष्टी गुन्हा म्हणून लिहिल्यात त्यात चारचौघांत अपमान करणं आहे, मारहाण आहे, आणि दिव्यांग माणसाला जाणूनबुजून खायला किंवा पाणी न देणं हेही आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं, वर दंड. वकील बाईंनी हे वाचलं तेव्हा मी तिथंच रडले. माझ्या भावाची भाकरी दिल्लीत कुणीतरी कायद्यात लिहून ठेवली होती आणि आम्हाला गावात पत्ता नव्हता.

अर्ज एका पानाचा, हातानं लिहिलेला. कोण, कुठं राहतो, काय होतंय, कधीपासनं, कुणी पाहिलं, बस. टाइप नाही, वकिलाची फी नाही. आवक-जावकला देताना पोच घ्या, शिक्का आणि तारीख घ्या, ही पोच लई कामाला येते, कारण नंतर अर्ज मिळालाच नाही असं सांगायला जागा राहत नाही. मी दोन वेळा गेले, तिसऱ्या वेळी पोच दाखवल्यावर हालचाल झाली, आणि मग मात्र मंडल अधिकारी, पोलीस पाटील आणि एक महिला पोलीस असे तिघं गावात गेले, गोठा बघितला, पोत्यावरचं अंथरूण बघितलं, पंचनामा केला, भावाला विचारलं कुणाकडं राहायचंय. त्यानं माझं बोट धरलं.

तो माझ्या घरी आला त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. थोरला माझ्याशी बोलत नाही. गुन्हा दाखल करायचा की नाही यावर आमच्या घरात लई वाद झाला, शेवटी मी केला नाही, थोरल्याची दोन पोरं लहान आहेत. बरोबर केलं का चूक ते आजही कळत नाही.

वहिनीबद्दलही दोन शब्द लिहिते कारण अशा पत्रात सगळं खापर सुनेवर फोडलं जातं. ती बाई पहाटे चारला उठत होती, म्हशी, रान, दोन पोरं, आणि वर एक मोठा माणूस ज्याला आंघोळ घालायला लागते. तिला कुणी मदत केली नाही, मीसुद्धा नाही. मी सणाला जाऊन ओवाळून यायचे. दमलेली माणसं कडू होतात, हे मला मान्य आहे. पण दमलो म्हणून दुसऱ्याचं जेवण बंद करता येत नाही, आणि दोरी तर थोरल्याच्या हातात होती.

पैशाचा भाग वेगळा सांगते कारण तो नंतर उघडकीला आला. भावाच्या खात्यावर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे यायचे, तेव्हा महिना दीड हजार होते, आता सरकारनं दिव्यांगांना अडीच हजार केलेत. एटीएम कार्ड थोरल्याकडं. तीन वर्षांत भावाच्या अंगावर एक नवा शर्ट आला नव्हता. आणि आई गेल्यावर हक्कसोडपत्र करायची तयारी चालू होती, भावाचा अंगठा घेऊन. वकील बाईंनी सांगितलं की हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ प्रमाणं रोग, व्यंग, अपंगत्व या कारणानं कुणाचा वारसा हक्क जात नाही. सव्वा दोन एकरात त्याचा वाटा तेवढाच आहे जेवढा थोरल्याचा आणि माझा. गावाकडं अजून माणसं बिनधास्त म्हणतात, त्याला काय करायचीय जमीन. त्याच्या औषधाला, त्याच्या म्हातारपणाला लागणार नाही का?

आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्या आई-बापांनी हे नीट वाचा. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत तुम्ही आपोआप त्याचे पालक राहत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांग यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. नुसतं नेमून सोडत नाही, पालकानं सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब द्यायचा. मी हिशोबाची वही ठेवते, भावाचे किती आले, डॉक्टरला किती, चपलेला किती. आमच्या आईला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं हयातीतच करून ठेवलं असतं, ती फार व्यवस्थित बाई होती.

आता म्हाताऱ्या माणसांचं. माझ्या भावाचं प्रकरण गल्लीत कळल्यावर आमच्या पेठेतल्या तीन आज्या आणि एक आजोबा वेगवेगळ्या वेळी माझ्याकडं येऊन बसले. कुणी सरळ सांगितलं नाही, आधी चहा, मग गुडघेदुखी, मग लेकाचं कौतुक आणि मग उठता उठता, "अगं ते तुझं ऑफिस कुठंशी हाय म्हणालीस?" आपल्याकडं म्हातारं माणूस पोराची तक्रार करत नाही, त्याला वाटतं पोराचं नाव खराब होईल आणि आपलं संस्कारात काहीतरी चुकलं असं लोक म्हणतील.

त्यातल्या आजोबांची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतकीच. रिटायर माणूस, बायको गेलेली, दोन खोल्यांचं घर स्वतःच्या कमाईचं. पोरगा म्हणाला, माझ्या नावावर करा, कर्ज काढून वरचा मजला बांधू, तुम्हाला वेगळी खोली. बक्षीसपत्र झालं. सख्ख्या मुलाला घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे त्यामुळं अर्ध्या दिवसात काम होतं. वरचा मजला झाला, भाडेकरू आले आणि आजोबा जिन्याखाली. जेवण डब्यातनं, बीपीची गोळी संपली की आठ-आठ दिवस नाही. त्यांना वाटत होतं आता सही केली, संपलं.

संपलेलं नसतं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७, त्याचं कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळायचं नाकारलं तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं मानलं जातं आणि ज्येष्ठ माणसाच्या मागणीवरनं रद्द होऊ शकतो. यात एक खोच आहे आणि ती प्रत्येकानं लक्षात ठेवायला पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या निकालात सांगितलं की सांभाळायची अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं प्रेमानं दिलं असेल तर कलम २३ आपोआप लागत नाही. मग २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित यांच्या केसमध्ये त्याच कोर्टानं म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणानं लावा, आणि त्या आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द करून मालमत्ता तिला परत द्यायला लावली. त्या केसमध्ये सांभाळाचं वचन लिखित होतं. म्हणून माझं हात जोडून सांगणं आहे की पोराच्या, पोरीच्या, पुतण्याच्या, कुणाच्याही नावावर काही करत असाल तर त्या कागदात एक ओळ घालायला लावा, "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचाराचा सांभाळ करावयाचा आहे, या अटीवर." स्टॅम्प वेंडरला, लिहिणाऱ्याला सांगा. पोरगा चांगला असेल तर त्याला त्या ओळीचा काही त्रास नाही. आणि खरं सांगू का, हयातीत नावावर करूच नका, मृत्युपत्र करा, ते शेवटपर्यंत बदलता येतं.

याच कायद्यात पोटगीचं आहे. साठ वर्षं पूर्ण झालेला माणूस जो स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागवू शकत नाही तो मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याकडनं निर्वाह मागू शकतो, आणि आई-बापांना तर साठीचीही अट नाही. मूलबाळ नसेल तर जो वारस त्यांची मालमत्ता वापरतोय किंवा ज्याला ती मिळणार आहे तो बांधील आहे, पुतणे-भाचे सगळे. अर्ज करायचा प्रांत ऑफिसमध्ये, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं. प्रांत म्हटलं की आपल्याला जमिनीचं काम आठवतं, पण ज्येष्ठांचं ट्रायब्युनल, म्हणजे असे अर्ज चालवणारं न्यायाधिकरण, तेच आहे. करवीरचं वेगळं, इचलकरंजीचं वेगळं, गडहिंग्लजचं वेगळं, आपापल्या उपविभागात जायचं. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देऊन अर्ज करता येतो आणि ट्रायब्युनल आपणहून पण दखल घेऊ शकतं. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, अपवाद म्हणून अजून ३० दिवस. मधल्या काळात तात्पुरता निर्वाह देता येतो. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघतं आणि महिनाभरापर्यंत आत जावं लागू शकतं. निकाल पटला नाही तर ज्येष्ठांना ६० दिवसांत कलेक्टरांकडं अपील. म्हाताऱ्या माणसाला कुठंतरी नेऊन सोडून दिलं, बसस्टँडवर, देवळात, दवाखान्यात, तर कलम २४ प्रमाणं तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना स्वतःहून नोंदवता येतो. जोतिबाच्या, अंबाबाईच्या दारात असं सोडलेलं म्हातारं माणूस दिसलं की आपण दहा रुपये देऊन पुढं जातो. तिथं ११२ ला फोन करायचा असतो.

पोटगीची रक्कम मात्र कायद्यानं महिना दहा हजारांवर नेऊन थांबवलीय. २००७ साली दहा हजार म्हणजे काहीतरी होते, आज एका माणसाची शुगर-बीपीची औषधं, महिन्याची एक तपासणी आणि सांभाळायला बाई ठेवली की संपले. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात ही मर्यादा काढायची होती, जावई आणि सून यांनाही जबाबदार धरायचं होतं. ते कायदा झालंच नाही, लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक तिथंच राहिलं. आपल्या दोन्ही खासदारांनी हे पुन्हा मांडायला लावावं, निवडणुकीत म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडता की.

काही लोक म्हणतील याचा गैरवापर होतो, सुनेला घराबाहेर काढायला सासू-सासरे हा कायदा वापरतात. होतो. डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं एस. वनिता यांच्या केसमध्ये सांगितलंय की सुनेचा घरात राहायचा हक्क या कायद्यानं झटकन संपवता येणार नाही, हा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा, असे दोन्ही कायदे एकत्र वाचायचे. तेही बरोबरच आहे. आणि उलट बाजूही बघा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं पण घरातली आई, सासू, आत्या सुद्धा त्यात तक्रार करू शकते.

अजून एक, राज्याच्या २०१० च्या नियमांत पोलीस ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातनं एकदा समाजसेवकाला घेऊन भेट द्यायची असं आहे. आमच्या पेठेत मी सोळा घरं मोजली जिथं एकटं म्हातारं माणूस राहतं, पोरं पुण्यात नाहीतर परदेशात. त्यातल्या एकाकडं कुणी भेटायला आल्याचं ऐकलेलं नाही. मनुष्यबळ कमी आहे हे कळतं, पण आपल्या कोल्हापुरात गल्लीला तालीम आहे, मंडळ आहे. गणपतीला, शिवजयंतीला, महापुराला हीच पोरं पुढं असतात, २०१९ च्या पुरात याच पोरांनी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढलंय. त्यांना पोलिसांनी बरोबर घेतलं तर सोळा घरं म्हणजे एका संध्याकाळचं काम आहे.

घरातलं घरात ठेवा असं मला माहेरच्या चार वडीलधाऱ्यांनी सांगितलं. त्यांना मी एवढंच विचारलं की शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात घरातल्या बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला तेव्हा तेही घरातलंच होतं ना. २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला, तेही घरातलंच होतं, आणि पंधरा दिवसांत सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मग आमच्या जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी असा ठराव का करू नये की गावात कुणी म्हातारं किंवा दिव्यांग माणूस उपाशी, बांधलेलं, मार खाताना दिसलं तर ग्रामसेवक आणि पोलीस पाटील तहसीलदारांना लेखी कळवतील? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रेशन दुकानात, दूध डेअरीत जिथं रोज दोनदा सगळं गाव येतं तिथं एक बोर्ड लावा, वर तहसीलदार आणि प्रांत ऑफिसचा पत्ता, खाली तीन नंबर. १४५६७ ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. १५१०० मोफत कायदेशीर मदत. ११२ पोलीस.

हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूरनं चाळीस वर्षं लढा दिला, १८ ऑगस्ट २०२५ पासनं ते सीपीआर दवाखान्यासमोर सुरू झालं, आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला, मी पण लेकीला घेऊन बघायला गेले होते. आता प्रांत-कलेक्टरांच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात जायचं तर म्हाताऱ्या माणसाला मुंबई गाठायला नको. पण साहेब, जिन्याखालचे आजोबा हायकोर्टापर्यंत जाणारच नाहीत, ते फार फार तर प्रांत ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत जातात आणि तिथं कुठल्या टेबलाला विचारायचं ते न कळल्यामुळं परत येतात. मी त्यांना घेऊन गेले होते. तीन टेबलं फिरलो तेव्हा चौथ्यानं अर्ज घेतला. तिथं दारातच एक पाटी पाहिजे, "ज्येष्ठ नागरिकांचे अर्ज इथे", आणि एक खुर्ची. कलेक्टर साहेबांनी ठरवलं तर हे एका दिवसात होईल, याला बजेट लागत नाही.

आजोबांचा अर्ज लागलाय, मुलाला नोटीस गेली, पुढची तारीख मंगळवारची आहे, मी बरोबर जाणार आहे. नोटीस मिळाल्यापासनं मुलानं त्यांना वरच्या मजल्यावर खोली दिलीय म्हणे, पण आजोबा म्हणतात अर्ज मागं घ्यायचा नाही, आधी लिहून पाहिजे.

तुमच्या पेपरात दर रविवारी राशिभविष्याशेजारी तेवढी जागा द्या, ते तीन नंबर आणि प्रत्येक तालुक्याच्या तहसीलदार ऑफिसचा पत्ता छापा. म्हातारी माणसं राशिभविष्य रोज वाचतात, आमच्या घरी भाऊ पेपर घडी करून ठेवतो, त्याला वाचता येत नाही, पण सगळ्या आज्यांना रविवारचा पेपर तोच नेऊन देतो.

आपली एक वाचक,
पेठ विभाग, कोल्हापूर